चिंचोक्याची खळ आणि मायक्रोवेव्ह

चिंचेचा हंगाम आला की आपल्या सीमाभागातल्या खेड्यांत ओसरीवर, झाडाखाली, देवळाच्या पारावर बायका चिंच फोडायला बसतात. टरफलं एकीकडे, शिरा एकीकडे, मीठ लावलेला गोळा मडक्यात आणि चिंचोके सुपात. चिंच बाजाराला जाते, शिरा चुलीत जातात. चिंचोके मात्र कोपऱ्यात पोत्यात पडून राहतात, व्यापारी येईल तेव्हा तो देईल त्या भावात जातात.

माझं माहेर मराठी आणि सासर कन्नड. माहेरी ज्याला चिंचोका म्हणायचे त्याला सासरी हुणशीबीज म्हणतात, एवढाच फरक. उपयोग दोन्हीकडे तेच. खरपूस भाजून ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांनी चघळायचे. मधोमध फोडून चौकाबाऱ्याच्या डावात कवड्यांच्या जागी टाकायचे. आणि तिसरा उपयोग म्हणजे खळ. हा तिसरा उपयोग आता फार थोड्या घरांत उरला आहे, आणि हा लेख त्याच्याविषयी आहे.

आधीच सांगते, मी अर्थशास्त्र शिकवते. रसायनशास्त्राशी माझा संबंध आमच्या कॉलेजात त्या विभागाच्या दारावरून दिवसातून चारदा जाण्यापुरता. पण दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं प्रकल्पासाठी जो विषय घेतला, त्यामुळं मला त्या दारातून आत जावं लागलं. विषयाचं नाव लांबलचक होतं: मायक्रोवेव्हच्या साहाय्यानं चिंचोक्यातील बहुशर्करेचं निष्कर्षण. सोप्या भाषेत, चिंचोक्यातला चिकटपणा मायक्रोवेव्हमध्ये काढायचा.

मुलगी चिक्कोडीकडच्या एका खेड्यातली. घर कुरुबांचं, चार पिढ्या घोंगडी विणणारं. शिक्षणासाठी ती आमच्या गल्लीत तिच्या मावशीकडे राहायची, त्यामुळं ओळख. एका रविवारी तिचे वडील आले. चहा घेतला, पावसाची चौकशी झाली आणि मग मुद्द्यावर आले.

"अक्कोरे, पोरगी म्हणते धारवाडला जाऊन एम.एस्सी. करणार. शिकू दे, मी नको म्हणत न्हाई. खरं, तिकडं हॉस्टेल, फी, येणं-जाणं सगळं धरलं तर मेंढरं विकावी लागतात. स्थळ बी एक आलंय, निपाणीकडचं. आणि ही करणार काय तर चिंचोके शिजवणार! ते तर माझी आई चुलीवर शिजवत्ये. त्यात तिचं पोट भरंल काय, तेवढं सांगा. तुम्ही पैशाचंच शिकवता न्हवं?"

प्रश्न साधा होता आणि अगदी माझ्या विषयातला होता. "शिक्षण महत्त्वाचं असतं" असं तोंडदेखलं उत्तर मी देऊ शकले असते. पण ज्याला मेंढरं विकायची आहेत त्याला असलं उत्तर देणं बरं नव्हे. मी थोडा वेळ मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या सरांकडे जाऊन बसले.

आजीची खळ

तिच्या आजीची पद्धत अशी. चिंचोके गरम वाळूत भाजायचे, म्हणजे तपकिरी टरफल तडकून सुटतं. आतला पांढरा गर रात्रभर भिजत घालायचा, पाट्यावर वाटायचा आणि मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी दुधासारखं पाणी, मग घट्ट होत होत लापशीसारखी खळ तयार होते. लोकरीचा ताणा अंगणात ताणून त्यावर कुंच्यानं ही खळ चोळतात. वाळली की सुताच्या बाहेर आलेले केस बसतात, धागा कडक होतो आणि मागावर तुटत नाही. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, खळीशिवाय तिचा ताणा मागावर टिकायचा नाही. सीमेच्या अलीकडे कंबळी म्हणा, पलीकडे घोंगडी म्हणा, खळ दोन्हीकडे चिंचोक्याचीच.

हा चिकटपणा कसला? सरांनी मला समजावलं ते स्वयंपाकघरातूनच, आणि मला वाटतं तेच बरं. भेंडी चिरताना हाताला जे तार धरणारं लागतं ते, भिजवलेल्या सब्जाभोवतीचं बुळबुळीत कवच, इसबगोल, पेरूची जेली जमते ती ज्यामुळं, भाताची पेज, बाळंतिणीच्या लाडवातला डिंक, हे सगळे एकाच गोतावळ्यातले. कन्नडमध्ये डिंकाच्या लाडवाला अंटिन उंडी म्हणतात आणि अंटु म्हणजे चिकट. साखरेचे शेकडो-हजारो कण एकापुढे एक गुंफून झाडं जी लांब साखळी करतात, तिला बहुशर्करा म्हणायचं, इंग्रजीतून आलेला शब्द पॉलिसॅकराइड. गोडी नाही, पण पाणी धरून ठेवायची ताकद दांडगी. आपल्या भागातल्या गुऱ्हाळांवर उकळत्या रसात रानभेंडीचा चिकट रस घालतात आणि मळी वर आणतात, तेही याच साखळ्यांचं काम. म्हणजे ज्याला आज संशोधनपत्रिकांत 'वनस्पतिजन्य बहुशर्करांचं निष्कर्षण' म्हणतात, ते आपल्या गुऱ्हाळांत आणि विणकरांच्या अंगणात बिनपदवीचे लोक करत आले आहेत.

चिंचोक्याच्या गरात निम्म्याहून अधिक वजन या एकाच बहुशर्करेचं असतं. तिचं नाव झायलोग्लुकन. तिची रचना मला फार आवडली. कणा ग्लुकोजचा, अगदी कापसात असतो तसाच. पण कापसाच्या सेल्युलोजमध्ये हे कणे एकमेकांना बिलगून इतके घट्ट बसतात की पाण्याला आत शिरायला जागाच नसते, म्हणून सदरा धुताना विरघळत नाही. चिंचोक्यात त्याच कण्याला बाजूनं झायलोज आणि गॅलॅक्टोज या साखरांच्या फांद्या फुटलेल्या असतात. फांद्यांमुळं साखळ्या चिकटून बसू शकत नाहीत, मध्ये पाणी शिरतं आणि खळ होते. शिवाय कणा सारखा असल्यानं सुती धाग्यावर ही खळ जवळच्या नातेवाइकासारखी चिकटते. लोकरीवर तसं नातं नाही, तिथं ती फक्त पातळ पापुद्रा धरते, पण विणायला तेवढं पुरतं.

१९४० च्या दशकात, महायुद्धामुळं कापड गिरण्यांना स्टार्च मिळेनासा झाला, तेव्हा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी चिंचोक्याकडे लक्ष वळवलं. साखर घातली की याची जेली होते हे त्यांना दिसलं, म्हणून सुरुवातीला हे पेक्टिनच असावं असं वाटलं. पण पेक्टिनची जेली जमायला आंबटपणा लागतो, याला लागत नव्हता. पुढं हा पदार्थ निराळाच ठरला आणि त्याला जेलोज असंही नाव मिळालं. त्या काळापासून चिंचोक्याचं पीठ हा आपल्या देशाचा एक उद्योग आहे. बार्शीच्या बाजारात चिंचेबरोबर चिंचोक्याचाही व्यापार चालतो तो त्यामुळेच. सूत, ताग, छपाईच्या रंगाची पेस्ट या कामांसाठी पीठ जातं. त्याचं शुद्ध रूप जपानमध्ये कित्येक वर्षांपासून खाद्यपदार्थ घट्ट करायला वापरतात आणि युरोपात कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांतही ते असतं. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "डोळ्यात खळ? वेड लागलंय काय?"

ओव्हन आत काय करतो

आता मायक्रोवेव्ह. शहरात तो घरोघरी आला तरी त्याच्याविषयी भीती काही गेलेली नाही. "त्यात किरण मारतात, अन्नातला जीव जातो" असं आमच्या सासूबाई आजही म्हणतात आणि त्यात फक्त पापड भाजतात.

या यंत्राचा जन्म युद्धातल्या रडारमधून झाला. १९४५ साली अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे अभियंते रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ काम करत असताना त्यांच्या खिशातली खाऊची वडी वितळली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. दोन वर्षांनी बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि तीनशे किलोहून जड होता. तत्त्व मात्र तेच राहिलं. पाण्याच्या रेणूला एक बाजू किंचित धन आणि एक किंचित ऋण असते. ओव्हनमधलं विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा उलटसुलट होतं. पाण्याचे रेणू त्याच्याबरोबर वळू पाहतात, एकमेकांवर घासतात आणि तापतात. या लहरींची शक्ती रासायनिक बंध तोडायला लागते त्यापेक्षा लाखो पटींनी कमी असते. तेव्हा जीव वगैरे जात नाही, नुसतं तापतं.

पण तापण्याची तऱ्हा वेगळी. चुलीवर आधी भांडं तापतं, मग बुडचं पाणी, मग वरचं. खळ जितकी घट्ट होत जाईल तितकी ती ढवळायला जड जाते आणि बुडाला करपते. आजीचा उजवा खांदा त्यामुळंच दुखतो. मायक्रोवेव्हमध्ये काच तापत नाही, आतलं पाणीच थेट तापतं. आणि वनस्पतीच्या पेशींमध्ये पाणी अडकलेलं असतं. ते एकदम तापलं की आतून वाफेचा दाब येतो, पेशींच्या भिंती फाटतात आणि आतला माल बाहेरच्या पाण्यात लवकर उतरतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा फाटलेल्या पेशी स्पष्ट दिसतात.

या कामाला सुरुवात होऊनही बरीच वर्षं झाली. १९८६ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी माती, बिया आणि खाद्यपदार्थ यांतले घटक काढायला साधा घरगुती ओव्हन वापरला. काही सेकंद तापवायचं, थांबायचं, पुन्हा तापवायचं. तासन्‌तास चालणारं काम मिनिटांवर आलं. पुढं अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेत संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून दाबाखाली, मायक्रोवेव्हनं काही मिनिटांत पेक्टिन काढलं. तो निबंध २००० साली आला. नेहमीच्या पद्धतीत आम्लाच्या गरम पाण्यात साल तासभर किंवा जास्तच ठेवावी लागते.

मध्यंतरी असंही बोललं जात होतं, की मायक्रोवेव्हमध्ये उष्णतेपलीकडची काही खास जादू आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात ऑलिव्हर कापे यांच्या गटानं सिलिकॉन कार्बाइडच्या कुप्या वापरून हे तपासलं. ही कुपी लहरी स्वतःच शोषून घेते आणि आतल्या द्रवाला फक्त उष्णता देते. निकाल साध्या काचेच्या कुपीसारखेच आले. म्हणजे त्यांनी तपासलेल्या अभिक्रियांत जादू नव्हती, वेगानं आणि आतून तापणं हाच फायदा. मला हे वाचून बरं वाटलं. शास्त्रात कुणीतरी आपल्याच विषयाची हवा काढून घ्यायला तयार असतं, अर्थशास्त्रात हे जरा कमी घडतं.

तीन बाटल्या

प्रयोगशाळेसाठीचा खास मायक्रोवेव्ह, ज्यात तापमान आणि दाब मोजता येतो, तो काही लाखांना येतो. आमच्या विभागात होता तो एका सरांच्या घरचा जुना. त्यात एक गंमत अशी, की 'अर्धी शक्ती' असं बटण दाबलं तरी शक्ती अर्धी होत नाही. यंत्र काही सेकंद पूर्ण जोरात चालतं आणि काही सेकंद बंद राहतं. भात गरम करताना याचा फरक पडत नाही, प्रयोगात पडतो. म्हणून मुलीनं पूर्ण शक्तीवरच थोडे थोडे सेकंद चालवायचं, बाहेर काढायचं, ढवळायचं, तापमान मोजायचं आणि पुन्हा आत ठेवायचं असं ठरवलं. भांडं फार तर पाव भरायचं, कारण खळ दुधासारखी उतू जाते. पहिल्या आठवड्यात ओव्हनची तबकडी रोज घासावी लागली.

पुस्तकातली पद्धत अशी आहे, की पीठ थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतायचं, वीस-तीस मिनिटं उकळायचं, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं निवळ पाणी घेऊन त्यात दुप्पट अल्कोहोल घालायचं. मग कापसासारखे पांढरे धागे तळाशी येतात, ते वाळवून दळले की शुद्ध बहुशर्करा. मायक्रोवेव्हनं उकळायचा टप्पा काही मिनिटांवर आला, आणि हाती आलेली पूड जवळपास तेवढीच होती. पण जास्त वेळ ठेवलं तर खळ पुन्हा पातळ व्हायला लागली. अति उष्णतेनं साखळ्या तुटतात. लांब साखळी म्हणजे चिकटपणा, तुकडे म्हणजे नुसतं पाणी.

त्या दिवाळीला ती गावी गेली तेव्हा अल्कोहोल न घातलेल्या खळीच्या तीन बाटल्या घेऊन गेली: कमी वेळची, मधली आणि जास्त वेळची. आजीला काही सांगितलं नाही. आजीनं प्रत्येक बाटलीत दोन बोटं बुडवली आणि हळूहळू फाकवली. पहिली पाहून म्हणाली, "बेंदिल्ल." शिजली नाही. तिसरीची तार लगेच तुटली, ती बाजूला सारली. मधलीची तार लांब आली. कॉलेजातल्या काचेच्या नळीनं, जिच्यातून द्रव किती सेकंदांत उतरतो ते मोजतात, मधलीच सर्वांत घट्ट असल्याचं आधीच सांगितलं होतं. एवढं झाल्यावर आजीनं विचारलं, "यात ताणा किती होईल?" बाटलीत अर्धा लिटर होतं. एका घोंगडीच्या ताण्याला मोठं पातेलंभर खळ लागते. आजी हसली आणि चुलीकडे गेली.

मुलीला ते थोडं लागलं असावं. पण आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता, जगभरचे कारखानदार हाच प्रश्न विचारतात. घरगुती ओव्हनच्या लहरी पाण्यात जेमतेम दोनेक सेंटिमीटर शिरतात. वाटीभर खळीला ते ठीक, पिंपभर खळीचा मधला भाग थंडच राहणार. कारखान्यात मग पातळ नळीतून द्रव वाहता ठेवून तापवावा लागतो, किंवा कमी कंपनसंख्येच्या, जास्त खोल शिरणाऱ्या लहरी वापराव्या लागतात. दोन्ही महाग.

लाकूड आणि चिपाडं

चिंचोका हे तसं सोपं काम. लाकूड कठीण. लाकडात सेल्युलोज, लिग्निन आणि त्यांच्यामध्ये विणलेल्या हेमिसेल्युलोज नावाच्या बहुशर्करा असतात. यांतली हेमिसेल्युलोज न मोडता बाहेर काढणं म्हणजे विणलेल्या घोंगडीतून एकाच रंगाचा धागा ओढून काढण्यासारखं. स्वीडनमध्ये स्प्रूसची जंगलं अफाट आणि कागदाचे कारखाने मोठे. तिथल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ च्या सुमाराला स्प्रूसच्या चिपांवर बंद भांड्यात, मायक्रोवेव्हनं आणि वाफेनंही, हा प्रयोग केला. तापमान दोनशे अंशांच्या आसपास. एवढ्या तापलेल्या पाण्यात लाकडातूनच थोडं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर सुटतं आणि तेच पुढचं काम करतं. कागद करताना वाया जाणाऱ्या या साखळ्यांपासून अन्नाच्या वेष्टनांसाठी हवाबंद पापुद्रे करता येतील, असा त्यामागचा विचार होता.

आपल्याकडे स्प्रूस नाही, ऊस आहे. आणि इथं माझ्यातली अर्थशास्त्राची शिक्षिका जागी होते. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो ओली चिपाडं निघतात, त्यात निम्मं पाणी. कोरड्या चिपाडाचा साधारण चौथा हिस्सा हेमिसेल्युलोज. बेळगाव जिल्ह्यातले एवढे कारखाने, एवढी चिपाडं, यातून सोनं काढता येईल असं भाषणांत नेहमी ऐकू येतं. पण चिपाडं कचरा नव्हेत. कारखाना तीच बॉयलरमध्ये जाळतो, त्यावर वाफ करतो, वीज करतो आणि उरलेली विकतो. तेव्हा त्यातून काहीही काढायचं असेल तर त्याची किंमत जळणाच्या किमतीपेक्षा जास्त असावी लागेल. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणण्याआधी ते टाकाऊ आहे का, हे कुणी विचारत नाही.

चिंचोक्याच्या बाबतीतही मी वहीवर आकडेमोड केली. घरगुती ओव्हन सव्वा किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो. पाच मिनिटांना एक दशांश युनिट. तासभर चालणाऱ्या एक किलोवॅटच्या शेगडीला एक युनिट. फरक दहापट दिसतो आणि निबंधांत हाच दाखवतात. पण एक लिटर निवळ खळीतून दहा ग्रॅम पूड मिळाली असं धरा. किलोभर पुडीला शंभर लिटर खळ आणि दोनशे लिटर अल्कोहोल. ते अल्कोहोल ऊर्ध्वपातन करून परत मिळवावं लागतं, त्यासाठी अबकारी खात्याचा परवाना वेगळा. अल्कोहोल नको म्हणून नुसतं पाणी आटवायचं तर लिटरला पाऊण युनिटच्या आसपास. म्हणजे खरा खर्च निष्कर्षणात नाही, त्यानंतरच्या कामात आहे. मायक्रोवेव्हनं वाचवला तो हिशोबातला लहान आकडा.

आणि बाजार? गवारीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. गवारीच्या बियांतला डिंकही बहुशर्कराच. अमेरिकेत खडक फोडून वायू काढायच्या कामाला तो लागू लागला आणि २०१२ मध्ये गवारीचा भाव क्विंटलला तीस हजारांपर्यंत चढला. सट्टा इतका झाला की त्या वर्षी वायदेबाजार बंद करावा लागला. राजस्थानात शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी गवारच गवार पेरली, इतर राज्यांतही लोक वळले. तिकडं कंपन्यांनी पर्याय शोधले आणि भाव कोसळला. झाडाच्या चिकटपणावर श्रीमंत होणारे असतात, पण ते बहुधा चिंच फोडणारे नसतात.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी

हे वाचून कुणी सुट्टीत मुलांबरोबर खळ करून पाहील म्हणून दोन गोष्टी. पाण्यातली खळ घरच्या ओव्हनमध्ये खुशाल करा, पण उघड्या, रुंद काचेच्या भांड्यात आणि थांबत थांबत. झाकण घट्ट लावलेली बरणी आत ठेवू नका, वाफेनं ती फुटते. अल्कोहोल, ॲसिटोन किंवा नेलपॉलिश काढायचा द्रव घरगुती ओव्हनमध्ये कधीही तापवू नये, गरम खळीतही ओतू नये. त्याची वाफ ठिणगीनं पेटते. आमच्या मुलीनं अल्कोहोल घातलं ते खळ पूर्ण थंड झाल्यावर, ओव्हनपासून दूर, खिडक्या उघडून आणि सर समोर असताना.

वडिलांना काय सांगितलं

महिन्याभरानं ते पुन्हा आले. मी वही उघडून सगळं सांगितलं. म्हटलं, चिंचोक्याच्या कारखान्याच्या आशेनं तिला पाठवू नका. मायक्रोवेव्हनं घोंगडीचा धंदा वर येणार नाही. पण ती जे शिकते आहे ते चिंचोका नव्हे. एखाद्या पदार्थात काय आहे, किती आहे, शुद्ध आहे की नाही, हे मोजायला ती शिकते आहे. साखर कारखान्याला, औषध कंपनीला, अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेला असा माणूस लागतो. दोन वर्षांनी नोकरी लागेलच, असं मी लिहून देणार नाही. पण बी.एस्सी.वर जे दार उघडत नाही ते एम.एस्सी.वर उघडण्याचा संभव आहे.

त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "आणि इतकं शिकून लग्नाला मुलगा मिळंल काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे आकडेमोड नव्हती. मी म्हटलं, त्या स्थळाला विचारा, दोन वर्षं थांबतात का. थांबले तर माणसं बरी.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आईनं तीन बाटल्यांतली बरोब्बर एक काढली ते पोरगीनं तुम्हाला सांगितलं न्हवं? मला नव्हतं सांगितलं. आईनंच सांगितलं, चारदा." आणि उठले.

बकरीदच्या आधी मेंढरांना भाव चांगला मिळतो, म्हणून तोवर थांबून त्यांनी मेंढरं विकली. निपाणीच्या मंडळींनी थांबायला नकार दिला. मुलीला धारवाडला प्रवेश मिळाला आणि हॉस्टेलही मिळालं. गेल्या महिन्यात तिचा फोन होता. पहिल्या सत्रात चिंचोक्याचं नावही नाही, सगळी थिअरीच आहे, आणि मेसमधली आमटी इतकी पातळ असते की तिची तारच येत नाही, म्हणाली.